चौदा नंबरच्या दाराशी

गुरुवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी त्रुदा वेन्ता हंसांना भिजवलेले ओट घालत होती, पण तिचं तोंड रस्त्याकडे होतं. सेंट मार्टिनच्या सणाला विकून उरलेले अकरा हंस तिच्या पायांशी कलकलाट करत होते. एकाने बुटाची नाडी चोचीत धरून सोडवली, तरी तिने खाली पाहिलं नाही. रस्ता ओला होता आणि मोकळा होता. काठी अजून आली नव्हती.

काठी रविवारी दुपारी निघाली होती. दर वेळी ती मंगळवारी संध्याकाळपर्यंत गावाला वळसा घालून परत येते. बुधवार गेला तेव्हा त्रुदाने पावसाला दोष दिला. आज दोष द्यायला कोणी नव्हतं.

बोरूव्को हे गाव म्हणजे तळ्याभोवती नऊ किलोमीटरांत विखुरलेली तेवीस घरं. तळं मुडपलेल्या बोटासारखं लांबट आणि वाकडं, भोवती रेताड टेकड्या. एका घराच्या धुराड्याचा धूर दुसऱ्याला दिसतो, पण हाक बहुतेक ठिकाणी ऐकू जात नाही. म्हणून इथे पूर्वीपासून काठी फिरते. जुनिपरच्या मुळाची, हातभर लांब, टोकाला वाकलेली, माणसांच्या हातांनी काळी पडलेली. इथले कशुबी लोक तिला क्लेका म्हणतात. गावप्रमुख तिला निरोपाचा कागद अडकवून दोन नंबरच्या घरी देतो, दोनवाला तीनला, तीनवाला चारला. प्रत्येक घर कागदावर पेन्सिलने खूण करतं. तेवीसवाला ती एक नंबरला परत करतो. एक नंबर त्रुदाचं घर. एकोणीस वर्षं ती गावाची सोल्तिस आहे, म्हणजे निवडून आलेली गावप्रमुख, आणि इतक्या वर्षांत काठी दोन दिवसांहून जास्त हरवली ती एकदाच, २०११च्या बर्फात. त्या वेळच्या सभेला नऊ माणसं आली होती. बाकीच्यांनी नंतर सांगितलं, “बोलावणंच नव्हतं.” सभा आहे हे त्यांना माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि बोलावणं वेगळं.

या वेळच्या कागदावर तीन ओळी होत्या. रविवार, सोळा नोव्हेंबर, सकाळी साडेअकरा, अग्निशमन दलाच्या खोलीत सभा. विषय: बोरूव्को स्वतंत्र गाव राहणार की क्लोनोवोत विलीन होणार. आणि तिसरी ओळ, लाल शाईने, खाली दोन रेघा ओढून: दुसरी वेळ नाही.

या तिसऱ्या ओळीसाठी त्रुदाचा जीव टांगणीला लागला होता. नियमाप्रमाणे सभेला पुरेशी माणसं नसली तर ती अर्ध्या तासाने पुन्हा भरते, आणि तेव्हा आलेले असतील तेवढे पुरतात. त्यामुळे बोरूव्कोत पहिल्या वेळेला कधीच कोणी येत नाही. साडेअकराची सभा म्हणजे बारा, हे इथे शाळेतल्या पोरालाही कळतं. पण लिपेन्को ग्मिनाच्या परिषदेने वसंतात ठराव केला होता. ग्मिनात एकवीस गावं, चौतीस तळी आणि पाच हजार नऊशे माणसं. शंभराहून कमी नोंदलेली माणसं असतील ती गावं शेजारच्या मोठ्या गावाला जोडायची. बोरूव्कोत नोंदलेली एक्याण्णव. आधी गावाचं मत घ्यायचं, आणि ते धरलं जाण्यासाठी चौऱ्याहत्तर प्रौढांपैकी निम्मे, म्हणजे सदतीस, पहिल्याच वेळेला हजर हवेत. छत्तीस आले तर गावाला मत नाही असं लिहून पुढची कागदपत्रं चालू.

गेलं बोरूव्को तर पाटी राहील, तळं राहील, चर्चचा पत्ताही तोच राहील. जाईल ती सोल्तिस. आणि सोल्तिस म्हणजे हिवाळ्यात पहाटे पाच वाजता बर्फ काढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला फोन करणारं माणूस. जो आधी फोन करतो त्याचा रस्ता आधी मोकळा होतो. क्लोनोवोचा सोल्तिस आधी क्लोनोवोचा रस्ता काढून घेईल. त्यात त्याचं काही चुकणारही नाही.

त्रुदाने बादली उपडी ठेवली, नाडी बांधली आणि सायकल काढली.

दोन, तीन, चार. तिन्ही घरांतून काठी रविवारीच गेली होती. पाचव्या घरी हुबेर्त ब्रोंक चुलीशी बसला होता. वय अठ्ठ्याऐंशी. तिने काही विचारण्याआधी त्याने शिंगाची डबी पुढे केली.

“चिमूट घे, मग बोल.”

कशुबी घरात तपकीर नाकारत नाहीत. त्रुदाने घेतली, तीनदा शिंकली, डोळे पुसले.

“काठी, बाबा. कधी दिलीत?”

“सोमवारी, सकाळच्या पेजेनंतर. सहाची रोझेलिया घ्यायलाच दारात उभी होती. तिला बातमीची हावच दांडगी.” त्याने स्वतः चिमूट ओढली. “आली नाही ना परत? मला ठाऊक होतं. अकरा नंबरला बघ.”

“अकरालाच का?”

“अगं, ती दान्स्क शहरातली दातांची डॉक्टरीण. तिने माझा जुना चरखा विकत मागितला होता भिंतीवर टांगायला. भिंतीवर! आणि माझ्या बैलगाडीच्या चाकाकडे अशी बघत होती, अशी... बस, तुझी काठी आता दिवाणखान्यात लटकतेय, खाली दिवा लावून.”

त्रुदालाही तेच वाटत होतं. सहा ते दहा तिने दारातूनच विचारपूस केली. सगळीकडून काठी पुढे गेली होती. दहा नंबरवाली म्हणाली, “बघ हं, त्या बाईने अँटिक म्हणून विकली नाही म्हणजे मिळवली.” गावातलं एवढं एकच घर आता शहरवाल्यांचं आहे, दर ऑक्टोबरात ते झडपा लावून बंद होतं. अकरा नंबरची मिरेला मात्र या वर्षी राहिली होती.

मिरेलाने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात ब्रश होता आणि गालावर पांढरा रंग. भिंतीवर हुबेर्तचं चाक नव्हतं. काहीच नव्हतं.

“काठी? मी पंधरा मिनिटांत दिली,” ती म्हणाली. “माझ्याकडे फोटो आहे. थांबा.” तिने फोन पुढे केला. फोटोत ती काठी घेऊन हसत होती, सोमवार, दोन वाजून सात मिनिटं. “मला वाटलं हा मान आहे. बारा नंबर बंद होतं, ते लोक नॉर्वेला ना, म्हणून मी सरळ तेराला नेऊन दिली. चुकलं का माझं?”

“नाही.”

“ब्रुनोन आजोबांच्या हातात दिली. ते म्हणाले, बूट पुसून या. मी आत जातच नव्हते.”

“असंच म्हणतात ते.”

त्रुदा सायकलवर बसली. दहा घरांना उगाच संशय आला होता, आणि त्यात ती स्वतः होती. पण आता संशय घ्यायला सोयीचं कोणी उरलं नव्हतं, आणि हे जास्त वाईट होतं. तेराच्या आधी चढ लागतो. तिने उतरून सायकल ढकलली. मनात आकडे चालू होते. तेरापर्यंतच्या घरांत नोंदलेले प्रौढ एक्केचाळीस. त्यातले आठ जर्मनी-नॉर्वेत. अलीकडचे झाडून सगळे आले तरी तेहतीस. सदतीसला चार कमी. पलीकडची नऊ घरं कळीची होती, आणि त्यांच्याकडे काठी पोचली की नाही हेच कळत नव्हतं.

ब्रुनोन शूलिस्त अंगणात लाकडं रचत होता. बाहत्तर वर्षांचा, ताठ, कुणी बघत असो-नसो ओळंबा लावून रचणारा.

“काठी कुठे आहे, ब्रुनोन?”

“दिली.”

“कोणाला?”

“तेरानंतर काय येतं? चौदा.” त्याने एक ओंडका फिरवून बसवला. “चौदाला दिली. सोमवारी तीन वाजता.”

वाऱ्याने लाकडांवरचा प्लास्टिकचा कागद फडफडत होता.

“चौदा म्हणजे अग्नेसचं घर.”

“हो.”

“अग्नेस फेब्रुवारीत गेली.”

“मला सांगतेस? खांदा दिलाय मी. उजवीकडचा, पुढचा.”

“मग काठी दिलीत कोणाला?”

“दाराला टेकवली. माणूस घरी नसलं की दाराला टेकवायची, हा नियम आहे. माझा बापही तसंच करायचा.”

“माणूस घरी नसलं की! अहो, ती कबरीत आहे!”

“ते मी कशाला ठरवू?” ब्रुनोन आता तिच्याकडे वळला. “क्रम कोणाकडे असतो? सोल्तिसकडे. क्रमात चौदा आहे की नाही? बाराच्या पुढे तू रेघ मारलीस, सगळ्यांना सांगितलंस, बारा वगळा. चौदाचं सांगितलंस? नाही सांगितलंस. म्हटलं, त्रुदाच्या मनात काहीतरी असेल. भाचा येणार असेल राहायला. मी काय, सोल्तिसच्या वर आहे?”

तो खरं बोलत होता. फेब्रुवारीत त्रुदानेच कचेरीत जाऊन अग्नेस फोर्मेलाचं नाव मतदारांच्या यादीतून काढून घेतलं होतं. पंचाहत्तरांचे चौऱ्याहत्तर तिनेच केले होते. अग्नेस गेली त्या दिवशी पहाटे रस्ता तिच्याच फोनने मोकळा झाला होता, रुग्णवाहिका चाळीस मिनिटांत आली होती. उपयोग झाला नाही, पण आली होती. हे सगळं तिने व्यवस्थित केलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवरची काठीच्या क्रमाची यादी मात्र तशीच राहिली. नऊ महिने ती रोज त्या यादीसमोर चहा पीत होती.

चौदा नंबरचं घर तेरा आणि पंधराच्या अगदी मधोमध आहे. जुनं, लाकडी चौकटीत विटा भरलेलं. ग्मिनाच्या वारशाच्या यादीत एकसष्ट नोंदी आहेत, त्यातली ही एक. काठीची नोंद त्या यादीत नाही. कचेरीने विचारलं होतं, पण ती एका जागी राहत नाही म्हणून रकाना भरता आला नाही.

ती दाराला टेकलेली होती. कागद पावसाने फुगला होता, लाल शाई पसरून तिसरी ओळ गुलाबी डाग झाली होती. वाकलेल्या टोकावर एक गोगलगाय. त्रुदाने ती काढून पायरीवर ठेवली.

“चार दिवस आहे तिथे,” कुंपणापलीकडून आवाज आला. पंधरा नंबरचा क्लेमेन्स हिन्त्स हात खिशात घालून उभा होता. “सोमवारपासून बघतोय खिडकीतून.”

“बघताय! आणि उचलली नाहीत?”

“माझ्या दाराला होती का?”

“क्लेमेन्स, वीस पावलं आहेत!”

“वीस काय, दोन असोत. दुसऱ्याच्या दाराची काठी उचलायची म्हणजे चोरी. अग्नेस ती माझ्या हातात द्यायची. चाळीस वर्षं द्यायची. तेराकडून घ्यायची, मला द्यायची. तेराचा माणूस माझ्याकडे येणार नाही, मी त्याच्याकडे जाणार नाही. मधे ती होती म्हणून चालायचं.”

तेरा आणि पंधरा अकरा वर्षं बोलत नाहीत. क्लेमेन्सची बायको उर्सुला ही ब्रुनोनची सख्खी बहीण. कोरड्या वर्षांत तळं मागे सरलं आणि दोघांच्या जमिनींपुढे चार मीटर रुंद वाळूची पट्टी उघडी पडली. ती कोणाची, यावर भांडण. सरकारी मोजणीवाल्याने येऊन सांगितलं की ती दोघांचीही नाही, तळ्याची आहे. तेव्हापासून दोघांनी तिथे एकेक बाक ठेवलाय, एकमेकांकडे पाठ करून.

“सभेचं माहीत आहे ना तुम्हाला?” त्रुदाने विचारलं.

“माहीत नसायला काय झालं? रविवारी. येऊ की बाराला.”

तिने काठी उचलली. “बाराला नाही. साडेअकरा. या वेळी दुसरी वेळ नाही.”

क्लेमेन्स हसला. “त्रुदे, तू हे दर वेळी सांगतेस.”

तेही खरं होतं. एकोणीस वर्षं ती प्रत्येक सभेआधी सांगत आली होती, पहिल्या वेळेला या, या वेळी खरंच या. लांडगा आला रे, असं ओरडून झालं होतं. आता लांडगा खरा होता.

“कागदावर लिहिलंय. लाल शाईने.”

“मग कागद येऊ दे ना. काठीने येऊ दे.”

“मी देते आत्ता. ही घ्या.”

“सोल्तिसच्या हातून काठी पहिल्या घराला जाते. मी पहिला आहे का? उद्या लोक म्हणतील, हिन्त्सला वेगळं बोलावणं आलं. नको.”

ती तेराकडे परत गेली. ब्रुनोनने सगळं ऐकलं होतं. वारा त्या बाजूचा होता.

“नाही,” तो म्हणाला.

“अजून मी विचारलंच नाही.”

“विचारायला आलीस ना? नाही. त्याच्या दाराला मी काठी टेकवणार नाही. क्रमात तेरानंतर पंधरा लिही, मग मी काठी तुला परत करीन आणि सांगीन, दुसरा कोणी शोध.”

“गाव जाईल, ब्रुनोन.”

“गाव कुठे जातंय? तळ्याला कोणी उचलून नेणार आहे?”

त्रुदाने सायकल फिरवली. मग पुन्हा फिरवली. चौदाच्या फाटकाशी ती दोनदा इकडून तिकडे गेली. दोन्ही खिडक्यांचे पडदे हलले. स्वतः नऊ घरं फिरून कागद वाटावा? ते पत्रक झालं असतं. पत्रकं चुलीत जातात. फोन? पलीकडच्या काठाला टेकडीमागे फोन लागत नाही, आणि लागला तरी पुन्हा तेच: त्रुदे, तू दर वेळी सांगतेस. घड्याळात सव्वानऊ.

मग तिला रस्ता दिसला. काठी वळसा घेते. एकपासून निघते आणि तेवीसकडून एकला येते. म्हणजे सोल्तिसचं घर दोन्हीकडून शेजारी आहे. दोनला देता येते तशी तेवीसलाही देता येईल. उलटी सोडायची: तेवीस, बावीस, एकवीस... पंधरापर्यंत. क्लेमेन्सला काठी ब्रुनोनकडून नाही, सोळाकडून मिळेल. आणि सोळाशी त्याचं भांडण नाही, निदान या महिन्यात तरी.

तिने घरी येऊन नवा कागद लिहिला. शाईऐवजी मेणाचा लाल खडू घेतला. साडेदहाला ती तेवीस नंबरच्या दारात होती. रेगीना लितेरस्काने ओल्या हातांनी दार उघडलं. मागे परातीत बटाट्याची सालं.

“तुमच्याकडून काठी? माझ्याकडे?” रेगीना मागे सरकली. “मी तुम्हाला देते ती. उलटी का आली? कोण गेलं?”

“कोणी गेलं नाही. गेलेली आधीच गेली. चौदा बंद आहे, म्हणून या बाजूने.”

“उलटी काठी चांगली नसते हो, सोल्तिसबाई.”

“असं कोणी सांगितलं?”

रेगीनाने आठवून पाहिलं. “कोणीच नाही. कारण कधी आलीच नव्हती.” मग तिने एप्रनला हात पुसून काठी घेतली आणि कागद वाचला, ओठ हलवत. तिसऱ्या ओळीशी थांबली. “दुसरी वेळ नाही? खरंच नाही?”

“खरंच नाही.”

“तुमची शप्पथ?”

“कागदावर लिहिलंय.”

“हां, मग ठीक. आमच्या ह्यांना अकरालाच बुटात उभं करते. बाईसाहेब, तुमच्या तोंडचं नाही धरत मी, पण काठीचं धरते.”

शुक्रवारचा दिवस त्रुदाने कोणत्याच कामात पूर्ण घालवला नाही. निम्मं सरपण फोडलं, निम्मी कोबी चिरली. दुपारी ती टेकडीवर चढून पलीकडे पाहत राहिली. तीन वाजता सतरा नंबरच्या पायवाटेवर कोणीतरी पिवळ्या कोटातलं चाललं होतं, हातात काहीतरी होतं. ती काठीही असू शकत होती आणि छत्रीही. पावणेचारला अंधारलं आणि तिला उतरावं लागलं.

शनिवारी साडेसातला, उजेड झाल्याझाल्या, ती चौदा नंबरला गेली. तेरा आणि पंधराच्या मधे क्रमाने चौदाच येतं, उलटं जा की सुलटं. क्लेमेन्स नियमाचा माणूस आहे.

काठी दाराला टेकलेली होती. कागद कोरडा, त्यावर प्लास्टिकची पिशवी रबराने बांधलेली. नऊ खुणा. पंधराच्या पुढे खूण आणि खाली क्लेमेन्सच्या बारीक अक्षरांत एक वाक्य: “या बाजूला मिळाली. दारी ठेवली. साक्षीदार खिडकीत.” काठीचं वाकलेलं टोक त्याने नेमकं तेराच्या खिडकीकडे करून ठेवलं होतं.

रविवारी प्रवचन लांबलं. क्लोनोवोच्या चर्चमध्ये फादर नोव्हेंबरात मृतांची नावं वाचतात, घरटी एकेक यादी, आणि या वर्षी याद्या मोठ्या होत्या. अग्नेस फोर्मेलाचं नाव अकरा वाजून चार मिनिटांनी आलं. अकरा वाजून बारा मिनिटांनी शेवटचा आशीर्वाद झाला आणि बोरूव्कोची माणसं दारात फादरशी बोलायला न थांबता गाड्यांकडे निघाली. असं आधी कधी झालं नव्हतं. तळ्याला वळसा घालून आठ किलोमीटर.

अग्निशमन दलाच्या खोलीत ग्मिनाच्या कचेरीची मालविना टेबलाशी बसली होती. पुढे सह्यांचा तक्ता, चौऱ्याहत्तर ओळी, बाजूला उताणा ठेवलेला फोन. अकरा पंचवीसला सह्या तीस. अकरा सत्तावीसला चौतीस. ब्रुनोनने सही करून कोपऱ्यातली खुर्ची धरली होती. मिरेलाही आली होती; तिची नोंद दान्स्कची, त्यामुळे तिला ओळ नव्हती. तिने दाराजवळ उभं राहून येणाऱ्यांचे कोट घेतले.

“थोडं थांबता येईल का?” त्रुदाने विचारलं.

“नाही हो, बाई,” मालविना म्हणाली. तिलाही ते सांगायला आवडत नव्हतं. “मला वेळ लिहावी लागते.”

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. नंतर दुसरी. रेगीनाचा नवरा आत आला, पॉलिश केलेल्या बुटांत, आणि मोठ्याने म्हणाला, “मला पावणेदहापासून कोट घालून ठेवलंय हिने, चर्चमध्येपण काढू दिला नाही.” हशा झाला. मागून सोळा आणि पंधराची माणसं. उर्सुलाने सही केली, भावाच्या खुर्चीजवळून जाताना त्याच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला केक ठेवला आणि न बघता पुढे गेली. क्लेमेन्सने सगळ्यात शेवटी पेन घेतलं.

अकरा तीस. मालविनाने रेघ ओढली. चाळीस सह्या.

मतदान हात वर करून झालं. विलीन होऊ नये: अडतीस हात. क्लेमेन्सचा हात पहिल्या रांगेत उंच. ब्रुनोनने तो पाहिला आणि आपला हात गुडघ्यावर ठेवला.

“विलीन व्हावं या बाजूने?”

ब्रुनोनचा हात वर गेला. अख्खी खोली हसली. मालविनाला कारण कळलं नाही, तिने एक लिहिलं. हुबेर्त ब्रोंकने दोन्ही वेळा हात वर केला नाही, कारण तो झोपला होता. अडतीस, एक, एक.

“अरे, गाव बुडवायला निघालास की काय?” मागून कोणीतरी ओरडलं.

“गाव बुडत नसतं,” ब्रुनोन केक सोडत म्हणाला. “आणि मी सही केलीच आहे. सहीशिवाय तुम्ही एकोणचाळीस.”

परिषद बारा डिसेंबरला बसणार आहे. मत असलेलं गाव तिला आता वगळता येणार नाही, ऐकावं लागेल. पुढे काय करायचं ते तिच्या हातात. त्रुदाने मालविनाकडून निकालाची प्रत घेतली, खोलीला कुलूप लावलं आणि घरी आली. चहा ठेवला. मग भिंतीवरची यादी खिळ्यावरून काढली.

चौदाच्या पुढे रेघ मारायला तिने पेन्सिल उचलली आणि मारली नाही. रेघ मारली तर तेरानंतर पंधरा येतं, आणि तिथे काठी अडते. तिने नाव खोडून घराचा नंबर ठेवला, आणि त्यापुढे लिहिलं: “दाराशी ठेवावी. सोल्तिसने उचलून तेवीसला न्यावी. तेवीसकडून उलट पंधरापर्यंत, पुन्हा दाराशी.” वाचून पाहिलं. एका काठीसाठी दोन फेऱ्या तिच्या सायकलला वाढल्या होत्या. यादी पुन्हा त्याच खिळ्याला गेली.

निकालाचा कागद काठीला अडकवून तयार आहे, दाराच्या आत, बुटांशेजारी. उद्या सोमवार. सहा चाळीसला हंसांना ओट, आणि सात वाजता काठी दोन नंबरच्या घरी.